फिट्सची गोळी बंद करा म्हणे!

‘फिट्सच्या रुग्णाला नैराश्याची गोळी दिली की फिट्स वाढतात. मुळात उदासी येते ती फिट्सच्या गोळीनेच. ती बंद करा. सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी पडलंय, ते ध्यानाने भरून निघेल.’ हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका घरात दोन दिवस गोळी चुकवली गेली. म्हणून हा खटाटोप.

आधी ‘बंद करा’चं बघू, कारण जीव जाऊ शकतो तो इथे. मेंदू त्या औषधाला सरावलेला असतो. ते एकाएकी काढलं की पेशी उसळतात, आणि क्लोबाझाम किंवा फेनोबार्बिटोन असेल तर जास्तच. मग पाच मिनिटांनीही न थांबणारी फिट येऊ शकते, किंवा शुद्ध न येता एकामागून एक. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं.

‘उदासी फिट्सच्या गोळीनेच येते’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. लेव्हेटिरासेटाम या फिट्सच्या औषधाने काहींना चिडचिड होते, उदास वाटतं. टोपिरामेट आणि फेनोबार्बिटोननेही. पण त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांनी दुसरं औषध चढवत नेत पहिलं हळूहळू उतरवणं. लॅमोट्रिजिन मनाला बऱ्यापैकी मानवतं, पण अंगावर पुरळ येण्याचा धोका असल्याने डोस आठवड्याआठवड्याने वाढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालू असेल तर आणखी सावकाश. तुमचं काम एवढंच: वहीत तीन तारखा लिहा. डोस कधी बदलला, फिट कधी आली, मन कधी खचलं. फिटनंतर एकदोन दिवस उदास गेले तर दोष गोळीचाच असेल असं नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र वहीत लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नैराश्याच्या गोळीने फिट्स वाढतात? २००७ साली अल्पर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एफडीएकडच्या (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) चाचण्यांमधले ७५ हजारांहून जास्त रुग्ण तपासले. औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांपेक्षा नैराश्याची गोळी घेणाऱ्यांत फिट्स कमी निघाल्या. हे रुग्ण मुख्यतः फिट्सचे नव्हते, हे खरं. आणि नैराश्याच्या गोळ्यांपैकी ब्युप्रोपिऑन, क्लोमिप्रामिन ही नावं धोक्याच्या बाजूलाच होती, ती टाळतातच. सरट्रालिन, एस्सिटालोप्राम सहसा चालतात. सोबत कार्बामाझेपिन हे फिट्सचं औषध असेल तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या, दोन्ही मिळून ते उतरवतात.

राहिलं सेरोटोनिन. ते काय टाकीतलं पाणी आहे, कमी झालं की भरायला? टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) फिट्समध्ये पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे मेंदूच्या एका खास तपासणीत, सेरोटोनिनचे काही ग्राहीच (ते ज्यांना चिकटून काम करतं ती पेशींवरची ठिकाणं) कमी दिसतात, तेही फिट जिथून सुटते त्या बाजूला जास्त. ध्यान खुशाल करा, गोळी घेऊन.