खानापूरच्या वाचकांना उत्तर: साठीनंतर वजनं कशाला?

नमस्कार सर,

साठीनंतर वजनांचा व्यायाम करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साठीच्या माणसाला डंबेल्स उचलायला सांगणं धोक्याचं, हृदयाला चालणं पुरतं, प्रोटीन पावडरीनं किडन्या जातात, आणि आपले आजे भाकरी-झुणक्यावरच धडधाकट जगले.

आजोबांपासूनच सुरू करतो. ते जिममध्ये गेले नाहीत, पण त्यांनी पोती वाहिली, विहिरीचं पाणी शेंदलं, नांगर धरला. गावच्या तालमीतल्या जोर-बैठका वेगळ्याच. भाकरी राहिली, ते काम गेलं.

चालणं सोडा असं मी लिहिलेलं नाही. पण जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि नुसत्या चालण्यानं ते फारसे वाढत नाहीत. वयानुसार ते झिजतात, मग साखर रक्तातच रेंगाळते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची (साखर पेशींत शिरवणाऱ्या संप्रेरकाची) वाट न बघताही साखर आत घेतो. मधुमेह्याला याहून मोलाचं काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनात वजनांचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयरोगाचा धोका सुमारे १७ टक्के कमी आढळल्याची नोंद आहे. सर्वाधिक फायदा आठवड्याला ३० ते ६० मिनिटांत दिसतो. एवढा वेळ कुणालाही काढता येतो.

श्वास कोंडून जड वजन उचललं की बीपी उसळतं, ही तुमची भीती खरी आहे. म्हणून उचलताना श्वास सोडायचा. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीला जोर, आठवड्यातून दोनदा, एवढंच पुरे. बीपी ताब्यात नसेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर.

पावडरीबाबत आपलं फारसं भांडण नाही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण-संशोधन संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत ती टाळायलाच सांगितलंय. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी, हुलग्याची किंवा मटकीची उसळ, दोन अंडी, दूध-दही यांतून ती बहुतेक मिळतात. जेवणच घटलेल्या वयस्कांना मात्र पावडरीचा उपयोग होतो, आणि धडधाकट किडन्या तिनं बिघडतात असा पुरावा नाही. पण जुना मधुमेह असेल तर किडनी आधीच दुखावलेली असू शकते. तिथं जास्तीची प्रथिनं अपाय करतात. किडनीची अवस्था सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पावडरीचा डबा घेऊ नका. ट्रेनर म्हणतोय म्हणून तर नाहीच नाही.