‘एक जुना बडोदेकर’ यांना उत्तर

नमस्कार. आमच्या चौकातल्या बंद कारंज्यावर मुलांनी प्रोजेक्टरने व्हिडिओ दाखवला, त्यावर मी लिहिलं. तुमची प्रतिक्रिया आली : ‘ताई, कारंज्याला पाणी लागतं, पिक्चर नाही. हे परदेशी फॅड. वीज वाया, वर कर्णकर्कश आवाज. थोडं वाचन वाढवा.’

मत वेगळं असू दे हो. पण ‘वाचन वाढवा’ कशाला? स्वतःचं नाव लिहायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी मला वाचन सांगायचं! आणि ते ‘ताई’. दांडिया बाजारात मला ताई म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या तोंडी ते गोड वाटतं. तुमच्या तोंडून काठीसारखं लागलं.

आता पाणी. माझे आजोबा पाणीखात्यात फिटर होते. आजव्याच्या तलावाचं पाणी उताराने शहरात येतं, सयाजीरावांनी ते 1892 मध्ये आणलं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. तेव्हा पाण्याचा धडा मला नको. आमचं कारंजं नळाच्या दाबावर उडायचं. शहर पसरलं, जोडण्या वाढल्या, दाब उतरला, तोट्या क्षारांनी बुजल्या. आता वेगळा पंप लागेल. बसवा ना! अडवलंय कोणी? मुलांनी दगडात एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. उद्या प्लंबर आला तर त्याला कारंजं होतं तसंच मिळेल. फरक इतकाच की एरवी स्कूटर टेकवायला कठडा शोधणारे लोक त्या रात्री कारंज्याकडे तोंड करून उभे होते.

शिवाय (हे मूळ लेखात होतं, वाचन वाढवायला सांगणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही) स्वच्छ धारेवर चित्र धरत नाही, उजेड बराचसा आरपार जातो. त्याला धुक्यासारखा बारीक तुषार लागतो. दगड ओला झाला की काळपट पडतो, चित्र मंद दिसतं. कोरड्या, फिकट दगडावर ते उठून दिसतं. म्हणजे ज्याला तुम्ही वैगुण्य म्हणता तोच मुलांचा पडदा होता.

परदेशी फॅड? क्शिश्तोफ वोदिच्को या पोलिश कलाकाराने 1998 मध्ये बोस्टनच्या बंकर हिल स्मारकावर, खून झालेल्या मुलांच्या आयांना व्हिडिओतून बोलतं केलं. त्याला फॅड म्हणायची माझी तरी छाती नाही. आणि परदेशीच नको असेल तर आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रजाचा आहे. त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

आवाज मोठा होता, हे मात्र मान्य. (नवरात्रात तुम्ही कुठे जाता, हे विचारत नाही.) विजेचं राहू दे, एका प्रोजेक्टरचा हिशेब मी मांडत बसणार नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच ती इथे दिसेल.