अ‍ॅलिसन हेज आणि कॅल्शियमची गोळी: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे फोंडा-म्हापशाकडच्या आमच्या नातेवाइकांत एक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की अ‍ॅलिसन हेज ही हॉलिवूडची हलक्या दर्जाची नटी एकाच अचाट सिनेमात चमकली आणि पुढे तिला कोणी विचारले नाही. हाडे बळकट व्हावीत म्हणून तिने कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, त्या गोळ्यांनीच तिचा जीव घेतला, आणि सरकारने प्रकरण दडपले. तेव्हा आजपासून गोळ्या बंद करा. पुरावा म्हणून सोबत रस्त्यावर उभ्या असलेल्या एका महाकाय बाईचे चित्र जोडलेले आहे. माझ्या सत्तरीतल्या मावशीने हा संदेश वाचून आपल्या गोळ्या खरोखरच कपाटात ठेवून दिल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी चित्राविषयी. ते हेजने महाकाय बाईची भूमिका केलेल्या, १९५८ च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ या चित्रपटाचे, रेनॉल्ड ब्राउन यांनी रंगवलेले पोस्टर आहे. त्यात ती बाई महामार्गावर पाय रोवून उभी आहे आणि तिने एक मोटार हातात उचलली आहे. प्रत्यक्ष चित्रपटात हा प्रसंगच नाही. त्यामुळे हे चित्र कशाचाच पुरावा होऊ शकत नाही.

‘हलक्या दर्जाची’ हे विशेषण अशा चित्रपटांना लावल्या जाणाऱ्या ‘बी’ या अक्षरावरून आले असावे, आणि तिथे मुळातच घोटाळा आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटाच्या गल्ल्यात निर्मात्याचा टक्केवारीने वाटा असे, तर जोडीला दिलेल्या दुसऱ्या, म्हणजे ‘बी’ चित्रपटाचे भाडे बहुधा ठरावीक रकमेचे असे. मिळकत आधीच ठाऊक असल्यामुळे खर्चही तेवढाच बेतावा लागे. हे अक्षर मुळात खर्चाचे आणि कार्यक्रमातल्या जागेचे होते, कलावंताच्या लायकीचे नव्हे. पुढे स्वस्तातल्या सगळ्याच चित्रपटांना ते चिकटले. हेजचा हा चित्रपटही दुसऱ्या एका अंतराळपटाच्या जोडीने लागला होता; त्यावरचा खर्च एक लाख डॉलरांच्याही आत होता आणि लांबी सुमारे ६५ मिनिटांची. दिग्दर्शक नेथन जुरान यांना १९४१ च्या एका चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालेले होते, तरी श्रेयनामावलीत त्यांनी आडनाव बदलून ‘हर्ट्झ’ असे लावले. चित्रपटातली अजस्र बाई मधूनच आरपार दिसते आणि तिचा राक्षसी हात सरळसरळ बनावट वाटतो, हे कबूल करायला हवे. पण जत्रेच्या काल्यात, म्हणजे देवळापुढच्या लोकनाट्यात, संकासुर राक्षसाचे सोंग डोळे भरून पाहणाऱ्या गोंयकाराला याचे नवल वाटू नये. सोंग दिसत असूनही प्रयोग रंगतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

‘एकच चित्रपट’ हे तर साफ खोटे आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टन गावी १९३० मध्ये जन्मलेली मेरी जेन हेज १९४९ च्या मिस अमेरिका स्पर्धेत राजधानी वॉशिंग्टनची प्रतिनिधी होती, आणि १९५४ मध्ये ती युनिव्हर्सल कंपनीच्या चित्रपटांतून पडद्यावर आली. १९५६ मध्ये रॉजर कॉर्मन यांच्या एका वेस्टर्नपटाच्या चित्रीकरणात घोड्यावरून पडून तिचा हात मोडला. त्यानंतरच्या एका वर्षात, १९५७ मध्ये, तिचे चार भयपट आले. पुढे दूरचित्रवाणीवर ‘पेरी मेसन’ आणि ‘जनरल हॉस्पिटल’ या मालिकांतही तिने कामे केली. १९६५ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या एका चित्रपटात ती दिसली, आणि तिथे पडद्यावरची कारकीर्द जवळपास आटोपली. कारकीर्द छोटी होती हे खरे. पण ती कोणी न विचारल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः आजारपणामुळे खुंटली.

आता गोळ्यांचा मुद्दा, आणि संदेशात सत्याचा जो अंश आहे तो इथेच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने हेज जे कॅल्शियम घेत होती ते जनावरांच्या हाडांच्या भुकटीचे होते, म्हणजे आपल्याकडे खताच्या दुकानात मिळणारे आणि माडाच्या, गुलाबाच्या मुळाशी घालतात तेच बोनमील, फक्त खाण्याजोगे करून विकलेले. शिसे शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवून ठेवते. त्यामुळे जे जनावर वर्षानुवर्षे शिसे असलेला चारा खाते, त्याच्या हाडांची भुकटी म्हणजे त्या साऱ्या वर्षांची साठवण असते. हेजला वेदना होऊ लागल्या, चालायला काठी लागू लागली, आणि कारण सापडेना. कारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या धातूंच्या विषबाधेवरचे एक पुस्तक वाचताना तिला त्यात आपलीच लक्षणे दिसली. तिने तज्ज्ञाकडून त्या भुकटीची तपासणी करून घेतली, तेव्हा तीत शिशाचे प्रमाण फार मोठे निघाले. डॉक्टरांना न सापडलेला धागा एका नटीने स्वतः शोधला, ही या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट संदेशात मात्र नाही.

तिचा मृत्यू २७ फेब्रुवारी १९७७ रोजी सॅन डिएगोत झाला, तो रक्ताच्या कर्करोगाने. तेव्हा ती ४६ वर्षांची होती. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अशा दूषित भुकटीवर, तिच्यातून होणाऱ्या शिशाच्या विषबाधेवर आणि त्या विषबाधेच्या रक्ताच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधावर लेख प्रसिद्ध झाला. पण एका रुग्णाच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. ‘कॅल्शियमने मारले’ हे वाक्य तर दुप्पट चुकीचे आहे, कारण दोष कॅल्शियमचा नव्हता, त्यात मिसळलेल्या शिशाचा होता.

दडपादडपीचा आरोपही टिकत नाही. त्या भुकटीच्या आयातीवर बंदी यावी म्हणून हेजने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पाठपुरावा केला होता. आयातीचे नियम बदलत असल्याचे प्रशासनाचे पत्र तिच्या नावे आले, पण ते तिच्या मृत्यूनंतर. १९८२ मध्ये त्याच प्रशासनाने लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना हाडांच्या भुकटीपासून जपण्याचा जाहीर इशारा दिला.

मावशीचे पाकीट मी उजेडात धरून वाचले. त्यावर कॅल्शियम कार्बोनेट असे छापले आहे. हा पदार्थ साधारणपणे चुनखडीच्या दगडापासून करतात, हाडांपासून नव्हे. गोळी तिने घ्यावी की नाही हे तिचे डॉक्टर सांगतील. हेजची हकिकत मी तिला पुरी सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘‘ते पत्र मागीर कोणी उघडले रे?’’