काचेच्या कपाटातली पुस्तकं

नवं घर बांधलं की हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला काचेचं कपाट करायची आपल्याकडं आता रीतच पडलीय. त्यात ट्रॉफ्या, लेकरांचे फोटो आणि पुस्तकं. पुस्तकं एकदा तिथं गेली की गेली. "वाचायला वेळच मिळत नाही राव" असं ज्या घरात ऐकू येतं, तिथं घड्याळ नंतर बघावं, आधी कपाट बघावं.

वेळेचा हिशेब तर सोपाय. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकाचं पान वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. रोज १५ पानं म्हणजे फार तर अर्धा तास. या चालीनं ३०० पानांची कादंबरी २० दिवसांत उरकते, वर्षाला १८ होतात. घोडं अडतं ते पुस्तक हाताशी नसतं म्हणून. उठा, किल्ली शोधा, पुढची फुलदाणी सरकवा, तोवर हातात मोबाईल आलेला असतो. चालू पुस्तक उशाशी असावं, बाजेवर असावं, रोज चहा पितो त्या जागी असावं. एका वेळी दोनच बाहेर ठेवावीत, एक जाड नि एक बारीक. पाच काढली की पाचही अर्धी राहतात. आणि ५० पानांपर्यंत गोडी लागली नाही तर पुस्तक खुशाल बंद करावं, त्यात पाप नाही.

हे काही नवं शास्त्र नाही. गावोगावच्या सप्ताहात बघा. ज्ञानेश्वरीच्या ९ हजारांच्या आसपास ओव्या माणसं ७ दिवसांत वाचतात, म्हणजे दिवसाला जवळपास १,३००. दिवसभर शेतात राबणारी, एरवी छापील ओळीला नजर न लावणारी माणसं! जमतं कशामुळं, तर जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आज कुठवर जायचं ते ठरलेलं आणि पोथी समोर उघडी. किती जण अर्थ लावत वाचतात हा वेगळा विषय आहे, त्यावर भांडण नको. पण बैठक तीच लागते. घरच्या पोथीचं आणखी एक बघा. रुमालात बांधलेली, वर-खाली लाकडी फळी, आणि दर श्रावणात सोडली जाणारी. वर्षातून एकदा तरी वारा लागतो, पानं उलटली जातात, कसरीचे किडे दिसले तर तिथंच झटकले जातात.

कपाटातल्या पुस्तकाला हे भाग्य नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं मराठवाड्यात पारा ४२-४३ वर जातो, कागद कोरडा ठक्क होतो. मग पाऊस लागला की बाहेरची भिंत पाणी पिते आणि भिंतीला चिकटलेल्या बंद कपाटात दमट हवा कोंडते. अंधार, ओल आणि कुणाची हालचाल नाही; कसरीला आणखी काय पाहिजे? तो चंदेरी, सुळसुळणारा किडा बांधणीतली खळ खातो नि मग कागदावर येतो. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, पुस्तकं कोंबू नका. जुन्या माळवदाच्या घरात देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, पुस्तकं ठेवायची सवय असेल तर ती मोडाच. वाळवी मातीच्या भिंतीच्या पोटातूनच येते, आणि बाहेरून दिसेपर्यंत आतली पानं गेलेली असतात.

डांबरगोळ्यांवर माझा भरवसा नाही. वाळवी त्यानं थांबत नाही आणि वास मात्र वर्षभर पुस्तक सोडत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच तर चुरचुर वाजेल इतका वाळवून ठेवा, ओलसर पाल्यानं बुरशी येते. कीड लागलीच तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्यायची. घाई केली की थंडगार कागदावर दव धरतं आणि किडीतून वाचलेलं पुस्तक पाण्यानं जातं.

विकत घेतानाच थोडं बघावं. पुस्तक मिटून पाठीचा वरचा काठ न्याहाळा. पानांचे छोटे-छोटे घडीचे जुडगे दिसले तर ती शिवण बांधणी, दहा जणांच्या हातून फिरली तरी टिकते. काठ एकसारखा सपाट कापलेला असेल तर नुसता गोंद. असं पुस्तक पहिल्यांदाच मधोमध ताणून उघडलं की पाठ तडकते आणि पुढच्या उन्हाळ्यात पानं गळायला लागतात. ते असं उघडायचं: पाठ टेबलावर टेकवून पुढची दहा पानं हलकी दाबायची, मग मागची दहा, पुन्हा पुढची, असं करत मध्यावर यायचं. दोन मिनिटांचं काम. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो. पांढऱ्या गोंदाची काडीएवढी बारीक रेघ कडेला ओढा, पान बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

आता गावच्या वाचनालयाबद्दल. निजामी राजवटीत शिक्षण आणि कारभार उर्दूत असताना इथं मराठी जपायला वाचनालयांचा मोठा आधार होता. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अनुदान आलं, वाचनालयांचे अ-ब-क-ड असे वर्ग आले. पण बऱ्याच ठिकाणी कपाटाचं कुलूप काही निघालं नाही. वाचकानं चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि ग्रंथपालानं आतून काढून द्यायचं. पुस्तक हातात घेऊन चाळलंच नाही तर नाव कुठून सुचणार? सगळी कपाटं उघडा म्हटलं की "पुस्तकं चोरीला जातात" हे उत्तर तयारच असतं. जातात, थोडी जातात. मग निदान नवी आलेली ५० पुस्तकं वर्तमानपत्रांच्या टेबलावर मांडा म्हणावं, महिन्याला बदला. पेपर वाचायला रोज येणाऱ्यांपैकी कोण कुठल्या पुस्तकाला हात लावतं, ते नोंदवहीत लिहून ठेवलं तर पुढच्या खरेदीची यादीही आपोआप निघेल.