‘खटका कोणाला ऐकू येतो?’ : ‘जुना खेळाडू’ यांना उत्तर

नमस्कार.

मुलांच्या टेबल टेनिस स्पर्धांचे फोटो काढायचे असतील तर ‘सायलेंट शटर’चा, म्हणजे फोटो काढताना खटका न वाजवणारा कॅमेरा घ्यावा, कारण त्या खटक्याने खेळणारी मुलं बिचकतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘जुना खेळाडू’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

“साहेब, घरात बसून असलं लिहिणं सोपं आहे. कधी हॉलमध्ये उभे राहिलात का? आठ टेबलं लागलेली, पोरं ओरडतायत, पालक ओरडतायत, तिथं खटका कोणाला ऐकू येतो? पोरं बिचकतात हे हौशी लोकांचं खूळ. बिचकली तर बिचकू द्या, सवय होईल. सायलेंट शटरने दिव्यांचे पट्टे येतात, बॅट वाकडी दिसते, ते मात्र सोयीस्कर गाळलंत. जुना डीएसएलआर नि एक ८५ची लेन्स पुरते. लोकांना खर्चात पाडायचे धंदे बंद करा.”

दोन दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही. राग पुरता गेलेला नाही, पण आता लिहिते.

पहिली गोष्ट, मी साहेब नाही. लेखाच्या वर माझं नाव आहे, शेजारी फोटो आहे. कॅमेऱ्यावर लिहिणारा पुरुषच असणार हे तुम्ही गृहीत धरलंत, आणि तो घरात बसूनच लिहीत असणार हेही. दुसरी गोष्ट, ‘धंदे’ हा शब्द. या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. कुठल्या दुकानाकडून किंवा कंपनीकडून मी कधी रुपया घेतलेला नाही. स्पर्धेचे फोटो पालकांना देते तेही फुकट, रविवार घालवून, रात्री एक-एक वाजेपर्यंत निवडून. समोर उभी असते तर हा शब्द तुम्ही वापरला असतात का? मतभेद असू द्यात, तुमचं मत मी ऐकलंही असतं. पण आधी माणसाच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि मग मुद्दा मांडायचा, ही पद्धत मला मान्य नाही.

एक चूक मात्र कबूल करते. लेखात सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या ज्या किमती दिल्या होत्या त्या दोन वर्षांपूर्वीच्या होत्या. तुमच्या प्रतिक्रियेनंतर तपासल्या आणि बदलल्या. त्याबद्दल आभार.

आता ‘घरात बसून’बद्दल. माझ्या वडिलांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांचे वर्गाचे फोटो. त्यांच्याकडे याशिका मॅट होता, छातीशी धरून वरून आत बघायचा तो. त्याचं शटर, म्हणजे क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारा पडदा, लेन्सच्या आतच असतं, बारीक पात्यांचं, आणि आतला आरसा जागचा हलत नाही. आवाज होतो तो नुसता ‘टिक्’. पुढे बाबांनी एसएलआर घेतला (डीएसएलआर म्हणजे त्याचंच डिजिटल रूप). त्यात प्रत्येक फोटोला आरसा वर आपटतो आणि खाली येतो. लग्नात सनई-चौघड्यात ते कोणाला कळायचं नाही. पण बारशाला बाबा याशिकाच न्यायचे, कारण पाळण्यात झोपलेलं बाळ त्या थापेने दचकून उठलं होतं आणि सगळं घर त्यांच्याकडे बघत राहिलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची असेन, फ्लॅशची बॅग माझ्या खांद्यावर होती. शाळेत मी स्वतः टेबल टेनिस खेळले, जिल्ह्यापर्यंत. गेली अकरा वर्षं पुण्यातल्या आणि आसपासच्या हॉलमध्ये, टेबलाभोवती लावलेल्या फळीमागे मांडी घालून बसते आहे. ‘कधी उभे राहिलात का’ याचं उत्तर मिळालं असेल.

‘तिथं खटका कोणाला ऐकू येतो?’ हे तुमचं वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं, कारण ते वरवर अगदी बरोबर वाटतं. हॉलमध्ये गोंगाट असतोच. आठ टेबलांवरचे चेंडू, बुटांचं किरकिरणं, पॉइंट घेतला की ‘चोऽऽ’, गॅलरीतून आयांचे आवाज. पण हा गोंगाट सतत चालू असतो आणि मुलं त्यात मुरलेली असतात. रात्री पंखा घरघरत असताना आपण गाढ झोपतो आणि लाइट जाऊन तो बंद पडला की जाग येते, तसंच आहे हे. कान आवाज मोजत बसत नाही, त्याला बदल कळतो. सहा फूट अंतरावरून एकदम आलेली कडक थाप ही त्या गोंगाटाचा भाग नसते. शिवाय ती येते कधी, तर बरोब्बर सर्व्हिसच्या वेळी. कारण सगळ्या फोटोग्राफरना तोच फोटो हवा असतो: चेंडू हवेत, नजर वर, बॅट मागे. ज्या अर्ध्या सेकंदात ते मूल सर्वांत एकटं असतं, नेमकं त्याच अर्ध्या सेकंदात आपण बटण दाबतो.

आणि या खेळात कान लागतो, हे जुन्या खेळाडूला मी सांगायला नको होतं. एके काळी बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची रबरं चालत. एका बाजूला फिरकी देणारं आणि दुसऱ्या बाजूला न देणारं रबर लावून खेळाडू हातात बॅट फिरवायचे. समोरच्याला रंगावरून काही कळायचं नाही, म्हणून तो चेंडू रबरावर आदळल्याचा आवाज ऐकून अंदाज बांधायचा. मग सर्व्हिस करणारे त्याच क्षणी जमिनीवर पाय आपटायला लागले, तो आवाज बुडवण्यासाठी. शेवटी नियमच बदलला आणि १९८६ मध्ये एक बाजू काळी, दुसरी लाल अशी सक्ती झाली. मोठमोठ्या सामन्यांत, भरलेल्या हॉलमध्ये, एका चेंडूचा रबरावरचा आवाज लपवण्यासाठी माणसं पाय आपटत होती, आणि तुम्ही म्हणता खटका कोणाला ऐकू येतो.

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. साधारण नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा वर्षांखालच्या मुलींचा सामना, पाचवा गेम, ९-९. सर्व्हिस जिची होती ती मुलगी जेमतेम टेबलाच्या वर दिसत होती. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. तिने जाळीजवळ टेबलावर तळहात पुसला, चेंडू दोनदा आपटला, तळहातावर ठेवला, वर टाकला. मी फळीमागे तिच्या उजव्या हाताला होते. माझा डीएसएलआर सेकंदाला सहा फोटो घ्यायचा, मी बोट दाबून धरलं होतं. तीन फोटो निघाले. पहिल्यात तिची नजर चेंडूवर आहे. दुसऱ्यात चेंडू अजून हवेतच आहे आणि ती माझ्याकडे बघते आहे. तिसऱ्यात चेंडू टेबलाच्या कडेशी आहे आणि बॅट जिथल्या तिथे.

चेंडू वर टाकला की रॅली, म्हणजे त्या पॉइंटचा खेळ, सुरू झाली, असा नियम आहे. मारला नाही तर पॉइंट गेला. व्यत्यय आला तर अंपायर रॅली थांबवून ‘लेट’ देऊ शकतो, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायचा, पण अंपायरच्या खुर्चीत आधीचा सामना हरलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याने समोरच्या मुलीच्या बाजूचा हात वर केला. ९-१०. या मुलीने काही विचारलं नाही, रडली नाही. खाली वाकून रिबीन उचलली आणि चड्डीच्या खिशात कोंबली. पुढचा पॉइंटही गेला. मी तिच्या आईकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ दे हो, लहान आहे.” ते तीन फोटो माझ्याकडे अजून आहेत, ब्लॉगवर टाकणार नाही. यालाच तुम्ही खूळ म्हणालात.

‘सवय होईल.’ होईल ना. पण ती सवय लावायचं काम कोचचं आहे, सरावाच्या वेळी. मी तिथे पाहुणी असते. दहा वर्षांच्या मुलीच्या सामन्यात तिची परीक्षा घेण्याचा हक्क मला कोणी दिला? मोठ्यांचंच बघा. २००२ साली स्किन्स गेम नावाच्या गोल्फ स्पर्धेत टायगर वूड्स फटका मारत असताना प्रेक्षकांतल्या एकाने कॅमेरा वाजवला, तर त्याचा कॅडी, म्हणजे गोल्फच्या काठ्या सांभाळणारा मदतनीस, स्टीव्ह विल्यम्स याने तो कॅमेरा घेऊन पाण्यात फेकून दिला. कॅमेरा फेकणं चूकच. पण तेव्हा जगात पहिल्या नंबरवर असलेल्या माणसालाही जे सोसलं नाही त्याची सवय तुम्ही पाचवीतल्या पोरीला लावायला निघालात.

त्या सामन्यानंतर मी लगेच नवा कॅमेरा घेतला नाही. पैसे नव्हते. तुम्हाला वाटतं तशी मी लाख रुपये सहज उडवणारी बाई नाही. आईने जुन्या नऊवारीच्या गोधडीचा तुकडा कापून कॅमेऱ्याला झबलं शिवून दिलं, पुढे लेन्सपुरतं भोक, मागे हात घालायला जागा. सिनेमाच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर कॅमेऱ्याला फोमची पेटी घालतात, त्याचाच हा गरिबाघरचा प्रकार. कडक थापेची दबकी धप्प झाली. उन्हाळ्यात कॅमेरा तापायचा, बटणं चाचपडावी लागायची. तीन वर्षं मी तसे फोटो काढले. डीएसएलआरमध्ये जो ‘क्वाएट’ मोड असतो तोही वापरून पाहिला. त्यात आरसा हळू किंवा उशिरा खाली येतो, पण आवाज राहतोच. म्हणजे तुम्ही सुचवलेला जुना डीएसएलआर आणि ८५ची लेन्स हा उपाय मी तीन वर्षं जगले आहे. तो न करताच मी दुसरं सुचवते आहे, असं नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

पट्टे. हो, येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सायलेंट मोडमध्ये सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ओळीओळीने वाचला जातो. बऱ्याच साध्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांत तो पूर्ण वाचून व्हायला साधारण १/१५ सेकंद लागतो, तेवढ्यात दिवा सहा-सात वेळा लुकलुकतो आणि तेवढे पट्टे उमटतात. महागड्या कॅमेऱ्यांत हा त्रास बराच कमी: २०१७ च्या सोनी ए९ चा सेन्सर साधारण १/१६० सेकंदात वाचून होतो. २०२१ च्या निकॉन झेड९ ला तर यांत्रिक, म्हणजे खटका करणारं, शटरच ठेवलेलं नाही. पण मी मूळ लेखात सांगितलेली युक्ती तुम्ही बहुतेक वाचलीच नाहीत: सर्व्हिसला सायलेंट ठेवा आणि शटर १/१०० सेकंदावर आणा. दिव्याचं एक आवर्तन पुरं होतं, पट्टे जातात. चेंडू टॉसच्या अगदी वरच्या टोकाला क्षणभर जवळजवळ थांबतो, चेहराही स्थिर असतो, त्यामुळे १/१०० पुरतं. रॅली सुरू झाली की यांत्रिक शटर आणि १/१०००. तेव्हा आवाज कोणालाच जाणवत नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे, मी कधी नाकारलंही नव्हतं. दोन्ही मोड एकेका बटणावर बसवून ठेवायचे.

वाकडी बॅट. ती दिसते रॅलीत सायलेंट वापरलं तर. म्हणूनच रॅलीला यांत्रिक शटर, वर सांगितलं.

खर्च. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, त्यामुळे त्याचं यांत्रिक शटरसुद्धा डीएसएलआरपेक्षा बरंच हलकं वाजतं. सेकंडहँड, एक पिढी जुना घ्या असं मी लिहिलंच आहे. आणि ज्यांना काहीच घ्यायचं नाही त्यांनी निदान फोकस झाल्याची ती ‘पिप्’ बंद करावी, अंधारात पेटणारा फोकसचा लाल दिवा बंद करावा, सर्व्हिसला बोट बटणावरून काढावं. यातल्या एकालाही पैसा लागत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या महिन्यात चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आहे, दोन्ही दिवस मी असेन, शेवटच्या टेबलाच्या फळीमागे. आलात तर येऊन बसा. फक्त सर्व्हिसच्या वेळी माझ्याशी बोलू नका.