‘व्यसनावर तटस्थ निबंध’ लिहिण्याचा तो मेसेज मुलांना चुकीचं शिकवतो

प्रकल्प जमा करायचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ‘व्यसन’ या विषयावर वस्तुनिष्ठ निबंध हवा असेल तर कमीत कमी दहा स्रोत जोडा, दोन्ही बाजू सारख्या लिहा आणि गावचे अनुभव अजिबात घालू नका. दरवर्षी याच साच्यातले गठ्ठे मी तपासतो. मुलं मनापासून राबलेली असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आधी दहा स्रोतांचं. मागच्या खेपेला एकाने नऊ संदर्भ दिले होते. एकेक उघडून पाहिला, तर सातांमध्ये तीच ओळ: देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. हा आकडा एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतला. बाकीच्यांनी तो नुसता उतरवून घेतलेला. म्हणजे सात नव्हे, एकच स्रोत.

याच पाहणीत पुरुषांपैकी दारू पिणाऱ्यांचं प्रमाण २७.३ टक्के आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते १८.८ टक्के दिसतं. मुलं इथे गडबडतात आणि एक आकडा गुपचूप गाळतात. खरा निबंध तर इथेच सुरू होतो! एम्सने १० ते ७५ वयाच्या लोकांचं गेल्या बारा महिन्यांतलं पिणं मोजलं. दुसऱ्या पाहणीचा हा आकडा १५ वर्षांवरच्यांचा, आणि त्यात घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने माहिती देते. आता आपल्याकडे ओट्यावर बसलेली आई माहिती विचारायला आलेल्या अनोळखी बाईला ‘पोरगा पितो’ असं सांगेल का? आकडे का वेगळे आले असतील, हे चार ओळींत मांडणं म्हणजे वस्तुनिष्ठपणा.

‘दोन्ही बाजू सारख्या’ या सल्ल्यामुळे तर मुलं ‘व्यसनाचे फायदे’ असा मथळा टाकतात. पिणं आणि व्यसन यांतला फरकच त्यात बुडतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पूजेत मोहाच्या दारूची धार देवाला वाहतात. तेवढ्यावरून कुणी व्यसनी ठरत नाही. व्यसन म्हणजे पिण्यावरचा ताबा सुटणं, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं, न मिळाल्यास हात थरथरणं. एम्सच्या पाहणीतही स्त्री-पुरुष मिळून पिणारे १४.६ टक्के, तर अवलंबून असलेले २.७ टक्के. दारूबंदीसारख्या मुद्द्यावर मात्र खरोखरच मतभेद आहेत, ते लिहावेत. दारूचं दुकान हवं की नको यासाठीच्या उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात आडवी, म्हणजे ‘नको’, जिंकली की परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला परवाना नव्हताच, तिचं काय? इथे पुरावा जिकडे जड, तिकडे निबंध झुकणारच. झुकू द्यावा.

राहिला गावचा अनुभव. तो काढून टाकायची काहीच गरज नाही, फक्त तो आपला अनुभव आहे असं लिहायचं. यावलकडची एक मुलगी पहिल्या खर्ड्यात लिहून आली, ‘आमच्या गावात सगळेच पितात.’ मी विचारलं, तुझ्या गल्लीत घरं किती? तिने बोटांवर मोजली, बावीस. पिणारे पुरुष कुठल्या घरांत? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, नऊ घरं. आमचं धरून.’ पुढच्या आठवड्यात वाक्य असं आलं: ‘माझ्या गल्लीतल्या बावीस घरांपैकी नऊ घरांत पिणारे पुरुष आहेत, हे माझं निरीक्षण आहे. त्यांपैकी किती जण दारूवर अवलंबून आहेत, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. माझ्या वडिलांबद्दल सांगता येईल.’

त्या वाक्याखाली तिने वडिलांच्या थरथरणाऱ्या हातांबद्दल सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यातला एकही शब्द मी खोडला नाही.