मामांचा फॉरवर्ड आणि अमेरिकेतले टोलचुकवे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. 'अमेरिकेचा टोल वाचा आणि लाज वाटून घ्या' असं शीर्षक, खाली आठपदरी रस्त्याचा चकचकीत फोटो. मजकूर थोडक्यात असा: १७९२ पासून अमेरिकेत खासगी कंपन्यांनी रस्ते बांधले, सरकारने छदामही दिला नाही. प्रत्येक नागरिक निमूट टोल भरायचा, कुणाला सूट नव्हती, कुणी चुकवतही नसे. कंपन्यांनी रग्गड नफा कमावला आणि खर्च निघाला की दुसऱ्या दिवशी नाका बंद केला. शेवटी १८२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी एका सहीने देशभरचा टोल रद्द केला. 'आपली जनता कधी सुधारणार?' आणि जोडलेले तीन हात.

सोसायटीच्या ग्रुपवर हाच दोनदा आला होता, तेव्हा सोडून दिला. पण मामांची हयात बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. त्यांनीही न वाचता पुढे ढकलावा म्हणजे कमाल झाली.

आधी तो निमूट टोल भरणारा नागरिक घेऊ, कारण माझं डोकं फिरलं ते त्याच्यावरून. मामांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा चॅटम-मॅडिसनच्या बाजूला एक पाटी वाचली, 'शनपाइक रोड'. पाइक म्हणजे टर्नपाइक, टोलचा रस्ता. शन म्हणजे टाळणे. थोडक्यात, टोलचुकव्यांचा रस्ता! १८०१ मध्ये सनद मिळालेला मॉरिस टर्नपाइक त्याच भागातून जायचा. त्याचे पैसे द्यायला नकोत म्हणून लोकांनी बाजूने वाट धरली, ती रुळली आणि नावासकट नकाशात बसली. याच रस्त्यावरून मामासुद्धा गेलेत, मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून. हे एकट्या न्यू जर्सीचं नाही. कनेक्टिकट, व्हरमाँट, जिकडे टर्नपाइक होते तिकडे हे नाव सापडतं. टोल चुकवण्यासाठी ज्या देशात खास शब्द निघाला, त्या देशात कुणी टोल चुकवत नव्हतं म्हणे!

चुकवणं सोपंही होतं. नाका म्हणजे काय, तर रस्त्यावर आडवा दांडा आणि शेजारी नाकेदाराचं घर. न्यूयॉर्कमध्ये दोन नाक्यांत साधारण दहा मैलांचं अंतर. दोन्ही बाजूंना शेतं. नाक्याच्या अलीकडे गाडी शेतात घालायची आणि पलीकडे पुन्हा रस्त्यावर यायचं.

आणि 'कुणालाही सूट नव्हती'? सवलतींची यादीच कायद्यात होती. चर्चला जाणारा, गिरणीला जाणारा, लोहाराकडे निघालेला, मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या स्थानिक सैन्यदलाच्या, कवायतीला चाललेला, आपल्याच शेतावर कामाला जाणारा, कुणालाच टोल नाही. आता नाकेदाराने तपासायचं काय? गाडीत धान्याचं पोतं दिसलं की तो गिरणीचा गिऱ्हाईक. दळण खरंच होणार का, हे बघायला तो मागे थोडाच जाणार होता! शिवाय अडवायचं कुणाला, तर रोज तोंड दिसणाऱ्या गावकऱ्याला. रुंद चाकांच्या गाड्यांना दरही कमी असे, पण त्याला कारण होतं: अरुंद चाक रस्त्याला चाकोरी पाडतं, रुंद चाक खडी दाबतं.

या शिस्तप्रिय जनतेचा शेवटचा अंकही ऐकून ठेवा. १८९० च्या दशकात केंटकीत लोकांनी रात्री टोळ्यांनी फिरून टोलनाके फोडले, जाळले. त्याला तिथे टोलनाक्यांचं युद्धच म्हणतात.

आता रग्गड नफा. अर्थतज्ज्ञ डॅनियल क्लाइन आणि इतिहासकार जॉन मॅजेव्स्की या दोघांनी या कंपन्यांवर बरंच काम केलंय. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे: बहुतेक टर्नपाइक कंपन्यांनी भागधारकांना धड काही दिलं नाही, आणि हे पहिल्या काही वर्षांतच सगळ्यांना कळलं होतं. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा ६२ मैलांचा रस्ता अपवाद म्हणा. त्याच्या समभागांवर इतकी झुंबड उडाली की चिठ्ठ्या टाकून माणसं निवडावी लागली. बाकीच्यांचं काय? तरीही लोक पैसे घालत राहिले, शेकडो कंपन्या निघाल्या. कारण रस्ता आला की गावात बाजार येतो, जमिनीला भाव येतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी द्यावी तसे शेतकरी, दुकानदार समभाग घ्यायचे. गावात सभा व्हायच्या आणि न देणाऱ्याकडे चार लोक वाकड्या नजरेने बघायचे. या सगळ्या प्रकरणातली खरी वाचण्यासारखी गोष्ट ही, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नाही.

खर्च निघाला की नाका बंद, यात अर्धं सत्य आहे, मान्य करतो. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात खर्च अधिक वर्षाला १२ टक्के एवढं वसूल झालं की कंपनी मोडता येईल, अशी तरतूद होती. पण १२ टक्के मिळणार कुठून? नाके बंद झाले ते कालवे आणि रेल्वेने वाहतूक पळवली म्हणून. डागडुजीलाही पैसे उरेनात तेव्हा कंपन्यांनी रस्ते सोडून दिले.

सरकारने छदामही दिला नाही, हे न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंड, म्हणजे ईशान्येकडची मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकटसारखी राज्यं, यांच्यापुरतं बऱ्यापैकी खरं. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया ही राज्यं मात्र सरकारी तिजोरीतून समभाग घेत होती. पुढे.

मन्रोंची सही तर उलटीच वाचली आहे. मेरीलँडमधल्या कंबरलंडहून पश्चिमेकडे निघालेला नॅशनल रोड केंद्र सरकारने बांधला, त्यावर टोल नव्हताच. दुरुस्तीसाठी नाके बसवायचं विधेयक काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८२२ मध्ये मंजूर केलं आणि मन्रोंनी ते नाकारलं. जनतेचा कळवळा म्हणून नव्हे, तर राज्यघटना केंद्राला तो अधिकार देत नाही म्हणून. देशभरातले खासगी नाके जागच्या जागी राहिले. पुढे १८३० च्या दशकात तो रस्ता राज्यांकडे गेला आणि त्यांनी लगेच टोल लावला. मेरीलँडमधलं लाव्हेलचं सात बाजूंचं टोलघर अजून उभं आहे, फोटोच हवा होता तर त्याचा टाकायचा.

फॉरवर्डमधलं १७९२ हे साल मात्र बरोबर आहे. लँकेस्टरच्या कंपनीला सनद त्याच वर्षी मिळाली. मामांनी तेवढं ठेवून बाकीचं डिलीट केलं तरी चालेल.